ढालीवरचा थेंब

युरोपातल्या जुन्या सरदारघराण्यांच्या ढाली पाहायला लागले की डोळे आधी सिंहांवर जातात. मागच्या दोन पायांवर उभा, जीभ बाहेर, नखे पसरलेली, असा तो सिंह खऱ्या सिंहापेक्षा आपल्या देवळांवरच्या व्यालाचा भाऊबंद वाटतो. मग गरुड दिसतात, बुरूज दिसतात, किल्ल्या, गुलाब आणि फ्रान्सच्या राजांचे ते प्रसिद्ध लिलीचे फूल दिसते. या सगळ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते या दरबारातल्या सर्वांत लहान मानकऱ्याबद्दल. तो मानकरी म्हणजे थेंब.

थेंबाने ढालीवर यावे हेच मुळात नवल. ढाल ही पराक्रम मिरवण्याची जागा. तिथे सिंह शोभतो, तलवार शोभते. थेंब बिचारा क्षणाचा सोबती. सुटला की पडला आणि पडला की संपला. पण या लोकांनी त्याला पडता पडता धरले, ढालीवर बसवले, त्याचे रंग ठरवले आणि रंगागणिक त्याला वेगवेगळी नावे दिली. त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. हा थेंब स्वतः कोणीच नव्हे. तो रक्ताचा की आसवांचा, हे त्याच्या आकारावरून कळत नाही. ते त्याचा रंग सांगतो. आणि रंगाचा अर्थ काय घ्यायचा, ते पाहणाऱ्यांनी आपसांत ठरवलेले असते. एवढ्याशा करारावर माणसांनी आपली मोठमोठी दुःखे टांगून ठेवली, ही मला या विषयातली खरी गोष्ट वाटते.

आधी शास्त्राबद्दल दोन शब्द. बाराव्या शतकात युरोपातले घोडेस्वार लढवय्ये डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात जाऊ लागले, तेव्हा समोरचा आपला की परका हे ओळखणे अवघड झाले. म्हणून ढालीवर ठळक रंगांत चिन्हे आली, ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, आणि कोणाचे चिन्ह कोणते याची नोंद ठेवणारी हेरल्ड नावाची माणसे तयार झाली. आपल्याकडच्या भाटाचे, चोपदाराचे आणि दप्तरदाराचे काम एकाच माणसाने करावे, तसा हा हेरल्ड. आपल्या संस्थानिकांचाही या शास्त्राशी एकदा संबंध आला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, तेव्हा राजेरजवाड्यांना युरोपी पद्धतीची कुलचिन्हे काढलेले ध्वज देण्यात आले. ती चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका मुलकी अधिकाऱ्याने रचली होती. ज्यांच्या घरी जरीपटका आणि मोर्चेले पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्यासाठी एका साहेबाने कुलचिन्हे रचावीत, ही त्या काळाची एक मौजच होती. असो.

थेंबाला फ्रेंच भाषेत ‘गूत’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘गुत्ता’. पायाचा अंगठा सुजून रात्रभर ठणकणाऱ्या विकाराला इंग्रजीत ‘गाउट’ म्हणतात, तोही याच शब्दाचा नातू. कारण शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात उतरतो अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. आपले आयुर्वेद त्याच रोगाला वातरक्त म्हणते. म्हणजे तिकडच्या वैद्यांना त्यात थेंब दिसला आणि इकडच्यांना रक्त. ढालीवरच्या थेंबाचे भांडणही पुढे याच दोन शब्दांभोवती फिरते, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

आता त्याचे रूप पाहू. खाली गोल, वर निमुळता, इतके सांगितले की उकडीचा मोदक डोळ्यांसमोर येतो. पण ढालीवरच्या थेंबाला त्याहून एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे शेपटी. ती सरळ नसते. डावीकडे उजवीकडे वळणे घेत, सापासारखी नागमोडी वर जाते आणि टोकाशी अणकुचीदार होते. जाणत्या चित्रकाराचा थेंब या वळणांवरून ओळखावा. नवख्याचा थेंब नुसता मोदक होऊन बसतो. तो खाली येतो आहे असे वाटतच नाही. शेपटीला वळण मिळाले की थेंबाला वेग येतो, ओघळ येतो. हाच थेंब उलटा केला, म्हणजे गोल अंग वर आणि टोक खाली, तर काही इंग्रजी ग्रंथकार त्याला हिमलोलक म्हणतात. थंड देशांत छपराच्या कडेला पाणी गोठून जे सुळे लोंबतात, ते हे. आपल्या पागोळ्या जागच्या जागी गोठाव्यात, तसे.

खरा थेंब मात्र असा दिसत नाही. पावसाचे बारीक थेंब, साधारण दोन मिलीमीटर व्यासापर्यंतचे, जवळजवळ गोल गोळीसारखे असतात. त्याहून मोठे झाले की खालून हवेचा दाब बसून त्यांचा तळ चपटा होतो आणि ते पावाच्या वरच्या अर्ध्या भागासारखे दिसू लागतात. आणखी मोठे झाले की फुटतात. शेपटी कुठेच नाही. मग ती आली कुठून? मला वाटते, ती पडणाऱ्या थेंबाची नव्हे, ओघळणाऱ्या थेंबाची आहे. मेणबत्तीवरून मेण उतरते, जखमेतून रक्त उतरते, गालावरून आसू उतरतो, तेव्हा मागे एक ओली रेघ राहते. ढालीचा थेंब त्या रेघेसकट काढलेला आहे. पावसाचा थेंब कोणाचा नसतो. ओघळणारा थेंब कुठल्या तरी देहावरून, कुठल्या तरी भिंतीवरून उतरत असतो.

आणि आकारावरून ओळख पटत नाही, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. पैठणीच्या पदरावरची कोयरी पाहा. खाली गोल, वर निमुळती, शेंड्याला वळण. एखाद्या हेरल्डला दाखवली तर तो तिला थेंब म्हणेल. आपण तिला कैरी म्हणतो, आणि आपलेही बरोबरच आहे.

कापडाचा विषय निघालाच आहे, तर पुढची गोष्ट त्याच भाषेत सांगणे सोपे. ढालीवर एक, दोन किंवा तीन थेंब मोजून काढलेले असतात, तेव्हा ते पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखे; प्रत्येकाची जागा ठरलेली. पण पुष्कळदा सगळी ढालच थेंबांनी भरलेली असते, तेव्हा ती बुट्टीदार लुगड्यासारखी समजावी. बुट्ट्या किती, हे कोणी विचारत नाही. एका ओळीतले थेंब दुसऱ्या ओळीतल्या थेंबांच्या मधल्या जागी येतात, आणि जुने चित्रकार कडेचे थेंब खुशाल अर्धे कापून टाकीत. जणू थेंबांचे कापड आधीच विणलेले होते आणि त्यातून ही ढाल बेतून घेतली! नुसत्या ढालीवरच नव्हे, तर तिच्यातल्या सिंहाच्या अंगावरही असे थेंब शिंपडलेले सापडतात. लग्नाच्या पत्रिकेवर आपण केशराचे शिंतोडे उडवतो, तेही मोजून उडवत नाही.

आता नावे. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मन राजे आले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. पुढे दरबाराची भाषा बदलली, पण हेरल्डांनी आपले फ्रेंच सोडले नाही. त्या फ्रेंचमध्ये त्यांनी थेंबाची अशी वाटणी केली: सोनेरी थेंब तो सोन्याचा, रुपेरी किंवा पांढरा तो पाण्याचा, तांबडा रक्ताचा, निळा आसवांचा, काळा डांबराचा आणि हिरवा ऑलिव्हच्या तेलाचा. म्हणजे ‘गूत द लार्म’ म्हटले की निळा रंग निराळा सांगायला नको. आसवे म्हणताच तो आला. गंमत अशी की ज्यांची ही भाषा, त्या फ्रेंचांना या वाटणीचे काही कौतुक नाही. त्यांचा हेरल्ड सरळ ‘निळे थेंब’, ‘तांबडे थेंब’ असे म्हणून मोकळा होतो. उसने घेतलेले दागिने मालकिणीपेक्षा नेणारीनेच जास्त मिरवावेत, त्यातला हा प्रकार.

इंग्रजांच्या या वाटणीला हसू नये. ती आपण रोज वापरतो. रक्तदानाच्या फलकावर तांबडा थेंब असतो आणि तो रक्ताचाच, हे निरक्षरालाही कळते. पाणी जपून वापरा असे सांगणाऱ्या फलकावरचा थेंब निळा असतो. तिथे आसवांनी आपली जागा पाण्याला दिली आहे, इतकाच फरक. मोटारीत चालकासमोर तेलाच्या झारीचे चित्र लागते आणि तिच्या तोंडाशी एक थेंब असतो; तो तेलाचा.

पण ही सारी व्यवस्था रंगावर उभी आहे, आणि रंग हा फार बेभरवशाचा चाकर. सरदाराची ढाल रंगीत असे. त्याच्या बोटातली मुद्रेची अंगठी रंगीत नसे. तीच ढाल लाखेवर उमटली की सिंह सिंहच राहतो, गरुड गरुडच राहतो, पण थेंबाची ओळख पुसून जाते. पत्रावरच्या लाखेत रक्त, आसू आणि डांबर एकसारखे. पुढे छापखाने आले तेव्हा हीच अडचण ग्रंथांना आली. तिच्यावर निरनिराळ्या लोकांनी युक्त्या काढल्या. त्यांतली जी सर्वत्र रुळली ती सिल्व्हेस्त्रो पिएत्रासांता या इटालियन जेझुइट पाद्र्याच्या १६३८ सालच्या ग्रंथामुळे. तांबड्यासाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या, हिरव्यासाठी तिरक्या, काळ्यासाठी उभ्याआडव्यांची जाळी, सोन्यासाठी ठिपके, आणि रुप्याची जागा कोरी. ढालीच्या मोकळ्या जागेसाठी ही युक्ती उत्तम. पण गव्हाच्या दाण्याएवढ्या थेंबात कोरक्याने रेघा तरी किती कोराव्यात? दोन उभ्या रेघा बसल्या तर ते रक्त, दोन आडव्या बसल्या तर आसवे, आणि शाई जरा पसरली की सगळेच डांबर! माणसाने ढाळलेले रक्त आणि आसवे यांतला फरक एका कोरक्याच्या हातावर अवलंबून राहावा, हे वाचताना मला थोडे हसू आले आणि थोडे चरचरलेही.

आसवांच्या थेंबांचा सर्वांत थाटाचा उत्सव झाला तो बर्गंडीच्या राज्यात. बर्गंडीचे ड्यूक त्या काळी राजांना लाजवील अशा वैभवात राहत, आणि त्यांच्या दरबारात झाक द लालँ नावाचा एक तरुण योद्धा होता. त्याने सोन नदीवरच्या शालाँ गावाजवळ वर्षभर चालणारे एक आव्हान मांडले. १ नोव्हेंबर १४४९ पासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथे एक तंबू उभा राही. त्यात एका शोकमग्न स्त्रीची मूर्ती होती. ती ‘आसवांची स्वामिनी’. तिची आसवे झऱ्यात पडतात अशी योजना होती, म्हणून या साऱ्या प्रकाराला आसवांचा झरा असेच नाव पडले. झऱ्याजवळ एकशिंगी घोड्याची प्रतिमा, आणि तिच्यावर तीन ढाली: एक पांढरी, एक जांभळी, एक काळी. तिन्हींवर निळ्या आसवांचे थेंब पेरलेले.

येणाऱ्या योद्ध्याने एका ढालीला स्पर्श करवायचा. पांढरीला स्पर्श झाला तर लढाई परशूची, जांभळीला झाला तर तलवारीची, काळीला झाला तर घोड्यावरून भाल्याची. परशूच्या लढाईत जो जमिनीवर पडेल त्याने सोन्याचे कुलपी कडे हातात घालायचे आणि ते वर्षभर वागवायचे. मात्र त्याची किल्ली जिच्याजवळ आहे ती स्त्री त्याला आधीच भेटली तर सुटका. १४५० हे रोमच्या यात्रेचे जुबिलीचे वर्ष होते आणि यात्रेकरूंची वाट तिकडून जात होती, म्हणजे प्रेक्षकांना तोटा नव्हता. आपल्याकडे पर्वणीच्या वाटेवर कुस्त्यांचा फड लावावा, तसेच हे.

जाणकार वाचकाला इथे एक खोट दिसेल. कुलचिन्हांचा मोठा नियम असा की धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको; म्हणजे सोने-रुपे एका बाजूला, बाकीचे रंग दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची गाठ पडली तरच चिन्ह लांबून दिसते. पांढऱ्या ढालीवर निळी आसवे ठीक. काळीवर आणि जांभळीवर निळी आसवे म्हणजे नियमाला रजा. पण त्या ढाली कोणा घराण्याच्या नव्हत्या. त्या नाटकाच्या होत्या. ती स्त्रीही नाटकातली, तिचे दुःखही नाटकातले. ती कशासाठी रडत होती, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. आसवे हा तिथे एक अलंकार होता. ढालीवर पेरलेली ती आसवे पाहून कोणाच्या डोळ्यांत पाणी आले असेल असे मला वाटत नाही.

तीनच वर्षांनी, १४५३ च्या जुलै महिन्यात, घेंट शहराशी चाललेल्या युद्धात पूके नावाच्या किल्ल्याला वेढा पडला असताना झाक द लालँ तोफेच्या गोळ्याने मारला गेला. वय बत्तिशीच्या आसपास. परशू, तलवार आणि भाला या तिन्हींत ज्याने नाव मिळवले, त्याला ज्या शस्त्राने मारले त्याच्यासाठी झऱ्याकाठी ढालच नव्हती.

नाटकातल्या आसवांकडून खऱ्या आसवांकडे यायचे तर थोडे मागे जावे लागते. २३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यात ऑर्लेआँचा ड्यूक लुई याचा खून झाला. हा फ्रान्सच्या राजाचा सख्खा भाऊ, आणि मारेकरी घातले होते त्याच्या चुलतभावाने, म्हणजे बर्गंडीच्या ड्यूकने. भाऊबंदकी आम्हांला नवी नाही; शनिवारवाड्याची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला पॅरिसची गोष्ट समजावून सांगायला नको. लुईची बायको व्हॅलेंटिना ही मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यातली. तिने पॅरिसला येऊन न्याय मागितला. राजाला वेडाचे झटके येत, दरबार दुभंगलेला, आणि १४०८ च्या मार्चमध्ये एका पंडिताने हा खून कसा धर्म्य होता यावर भर दरबारात भाषण केले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ब्ल्वा इथे व्हॅलेंटिना गेली. नवऱ्यामागे ती जेमतेम एक वर्ष जगली.

परंपरा सांगते की वैधव्यात तिने एक झारी आपले चिन्ह म्हणून घेतली. या झारीच्या बुडाला बारीक भोके आणि वर तोंडाशी एकच भोक. पाण्यात बुडवून भरायची, वरचे भोक अंगठ्याने दाबून धरायचे. अंगठा काढला की बुडातून थेंब गळू लागतात आणि आत गुळगुळ आवाज होतो. म्हणून फ्रेंचांनी तिचे नाव ‘शांतप्लर’ ठेवले: गाते आणि रडते ती. आपल्या झारीच्या तोंडाशी शुक्राचार्य बसलेले; त्यांच्या झारीच्या तोंडावर दुःखी बाईचा अंगठा. यानंतर आयुष्यात काही उरले नाही, अशा अर्थाचे एक वाक्यही तिच्याबरोबर असे. पुढे तिची सून मारी द क्लेव्ह हिनेही ती झारी आणि ती आसवे आपल्या चिन्हांत चालू ठेवली. सासूचे दुःख सुनेने दागिन्यासारखे जपून ठेवावे, हे मला फार बोलके वाटते. मारीचा मुलगा पुढे बारावा लुई म्हणून फ्रान्सचा राजा झाला.

आणि मग लुईझ. १ ऑगस्ट १५८९ रोजी फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याला झाक क्लेमाँ नावाच्या एका तरुण संन्याशाने भेटीच्या निमित्ताने जवळ जाऊन सुरी मारली; दुसऱ्या दिवशी राजा मेला. त्याची राणी लुईझ शेर नदीवर पुलासारख्या पसरलेल्या शनाँसो या सुंदर वाड्यात राहिली. फ्रान्सच्या राण्यांच्या रीतीप्रमाणे ती पांढरे कपडे घाली, म्हणून लोक तिला ‘पांढरी राणी’ म्हणत. (आपल्याकडे काही घरांत विधवेच्या वाट्याला आलवणाचे तांबडे येई, शोकाचा रंगही शेवटी माणसांनी आपसांत ठरवलेलाच.) अंगावर पांढरे, पण तिची खोली काळी. काळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी चित्रे: विधवेच्या कुलचिन्हाभोवती घालतात ती गाठींची दोरी, कबर खणायची फावडी, काट्यांचे मुकुट, तिच्या आणि नवऱ्याच्या नावांची गुंफलेली आद्याक्षरे, आणि आसवे. १६०१ च्या जानेवारीत ती वारली. ती खोली आज मूळच्या छताच्या आधाराने पुन्हा उभी केली आहे.

तिथली आसवे रुपेरी आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवावी. फ्रान्समध्ये शोकाची आसवे अशी काळ्यावर रुपेरीच काढीत. एकोणिसाव्या शतकातसुद्धा अंत्ययात्रेच्या वेळी लावायच्या काळ्या पडद्यांवर रुपेरी आसवे पेरलेली असत. आता अशा वेळी लंडनचा एखादा पढीक हेरल्ड लुईझच्या खोलीत शिरला असता तर काय झाले असते? भिंतीकडे पाहून, वही काढून, त्याने लिहिले असते: काळ्यावर पाण्याचे थेंब. आपल्या शास्त्राप्रमाणे तो अगदी बरोबर ठरला असता.

रक्ताच्या थेंबांची कहाणी वेगळ्या वळणाने जाते. रक्ताचे नाव निघाले की लोकांना गोष्ट रचल्यावाचून राहवत नाही. ऑस्ट्रियाच्या निशाणावर तांबडा, पांढरा, तांबडा असे पट्टे का? तर ११९१ साली एकरच्या लढाईत ड्यूक लिओपोल्डचा पांढरा अंगरखा रक्ताने भिजला आणि कमरपट्ट्याखालची जागा तेवढी पांढरी राहिली. बार्सिलोनाच्या सोनेरी ढालीवर चार तांबडे पट्टे का? तर राजाने जखमी काउंट विल्फ्रेडच्या रक्तात चार बोटे बुडवून त्याच्या ढालीवर ओढली. गोष्ट सुंदर आहे. पण विल्फ्रेड मेला ८९७ साली, ढालींवर कुलचिन्हे आली ती बाराव्या शतकात, आणि ही कथा छापून आली १५५१ साली. पट्टे आधी, रक्त मागून. चिन्ह जितके साधे तितकी त्याच्या पाठीमागची कथा मोठी, असेच बहुधा आढळते.

तांबडे थेंब हमखास सापडतात ते पेलिकनच्या छातीवर. पेलिकन म्हणजे चोचीखाली कातड्याची झोळी असणारा मोठा पाणपक्षी. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांपासून अशी समजूत चालत आली की ही पक्षीण स्वतःची छाती चोचीने फोडून पिलांना आपले रक्त पाजते. म्हणून ती ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक झाली. खरी पेलिकन असे काही करत नाही. चोच छातीवर टेकून ती झोळीतले मासे पिलांपुढे टाकते, तेवढ्यावरून हे घडले असावे. ढालींवरच्या पेलिकनला तर झोळीही नसते. ज्यांनी तो पक्षी कधी पाहिला नव्हता अशा चित्रकारांनी त्याला गरुडाचे तोंड आणि बगळ्याची मान दिली. अशा वेळी ती पेलिकन आहे हे ओळखायचे कशावरून? छातीवरच्या थेंबांवरून. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव, ज्याच्या कारकिर्दीत बार्तोलोमेव दियाश आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसून आला, त्याचे वैयक्तिक चिन्ह हीच पेलिकन होती. पोर्तुगीजांबरोबर ही पक्षीण आपल्या किनाऱ्यालाही आली. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे सतराव्या शतकातले पेलिकनच्या रूपाचे एक पवित्र पात्र ठेवले आहे.

हीच पेलिकन अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या निशाणावर जाऊन बसली. १९१२ साली ते निशाण अधिकृत झाले: निळ्यावर पांढरी पेलिकन, घरट्यात पिले. जुन्या चित्रांत तिच्या छातीवर रक्ताचे थेंब होते. पण एका चित्रावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे निशाण उतरत गेले आणि थेंब कुठल्याशा नकलेत गळून पडले. कोणी मुद्दाम काढले नाहीत. शिवणाऱ्याला ते डाग वाटले असतील, किंवा लहान म्हणून सोडून दिले असतील. कचेऱ्यांवर, शाळांवर बिनथेंबांची निशाणे फडकत होती आणि कोणाला काही चुकल्यासारखे वाटत नव्हते. ते ध्यानात आले आठवीतल्या एका मुलाच्या. थेंब नसतील तर ती पक्षीण नुसती मान वाकवून पिलांकडे पाहत बसलेली आहे. तिने त्यांना काय दिले हे चित्रात उरतच नाही. त्याचे म्हणणे विधिमंडळापर्यंत पोहोचले, आणि २००६ साली कायदा झाला की निशाणावर रक्ताचे थेंब दाखवलेच पाहिजेत. २०१० साली निशाणाचे चित्र नव्याने काढून सर्वांसाठी एकच नमुना ठरवला.

वाऱ्यावर फडकणाऱ्या त्या निशाणाखाली उभे राहून ते थेंब दिसणे कठीणच. पण कायद्यात ते मोजून तीन आहेत.